सोळा एमएमचा तुकडा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्याच्या घरातल्या वायरीला आमच्या व्याह्यांनी हात लावून पाहिलेला नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हात म्हणजे तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू. अंग गरम लागलं की आई पोराच्या कपाळाला लावते, तशी. लोक कुणाच्या घरी गेले की चपला काढतात, पाणी पितात, घरच्यांची विचारपूस करतात. आमचे व्याही चपला काढतात आणि थेट फ्रिजच्या मागे जातात. तिथे डोळे मिटून क्षणभर उभे राहतात आणि बाहेर येऊन निकाल देतात. "ताप न्हाई," किंवा "कणकण हाय." निकाल "लय ताप हाय" असा लागला, तर त्या घरात त्या दिवशी पंख्याखाली बसून चहा पिण्याचा योग नसतो, कारण मेन स्विच तोवर त्यांनी पाडलेला असतो.

हे गृहस्थ माझ्या एकुलत्या एका मुलीचे सासरे. मूळचे आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातले. त्यांचे आणि माझे, दोघांचेही आजे मेंढरांमागे फिरले; पुढे मी पुस्तकांमागे लागलो आणि सांगलीत एका कॉलेजचा ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, ते तारांमागे लागले आणि कोयनानगरच्या वसाहतीत वायरमन म्हणून निवृत्त झाले. आता साताऱ्यात घर बांधून राहतात. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. लग्न ठरवताना ही मंडळी विश्रामबागेतल्या आमच्या घरी मुलगी बघायला आली, तेव्हा मुलीला कुणी काय विचारलं ते मला आठवत नाही. व्याही मात्र पोह्यांची बशी हातात घेऊन बाथरूमच्या दाराशी गेले होते, एवढं पक्कं आठवतं. परत येऊन म्हणाले, "पोरगी पसंत हाय. गिझरची वायर न्हाई." माझ्या बायकोला पहिल्या वाक्याचा आनंद झाला. मी अजून दुसऱ्या वाक्यावरच अडकलेलो आहे.

त्यांच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यासारखी एक कडी असते. तिच्यात किल्ली एकही नाही. वायरीचे बोटभर लांबीचे तुकडे ओवलेले: दीड, अडीच, चार, सहा, दहा, सोळा. तारेच्या जाडीचे हे आकडे त्यांना कुलदैवताच्या नावांसारखे तोंडपाठ आहेत, आणि माणसंही ते त्याच मापाने मोजतात. त्यांच्या पुतण्याला गावच्या मंडळींनी सरपंचपदाला उभं करायचं ठरवलं, तेव्हा हे भर बैठकीत म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर अडीचचं हाय. त्येच्यावर धाचा भार टाकू नगा, जळंल." पुतण्या आजही काकाशी बोलत नाही. एकदा मीच गमतीत विचारलं, "मग मी किती एमएमचा?" त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमी बरं हाय वो पाव्हणं. पर लय लांब पडताय." याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही. व्याह्याला फार प्रश्न विचारू नयेत, असं आमच्याकडे मानतात.

आणि तीच तर खरी अडचण आहे. शेजाऱ्याला सांगता येतं, भावाला ओरडता येतं, साडूला तर काहीही बोलता येतं. पण मुलीच्या सासऱ्याला 'कृपा करून माझ्या भिंतीवरून उतरा' असं कुठल्या शब्दांत सांगायचं? कोयनेच्या मुलखात जमिनीला अधूनमधून हादरे बसतात, म्हणून तिथे राहिलेल्या या माणसाला प्रत्येक तारेला हातभर ढील ठेवायची सवय. "जमीन हालली तर तार तुटाय नगं." सांगलीत जमीन हलत नाही, हे मी त्यांना नकाशा काढून दाखवलं. त्यांनी नकाशा शांतपणे घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून टीव्हीच्या वायरीचं एक भलंमोठं वेटोळं लोंबत सोडलं. ते अजून तसंच आहे. कोशाचा तिसरा खंड काढायचा तर मला आधी ते वेटोळं गळ्यात घालावं लागतं.

एवढं सगळं मी सोसलं. पण गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जे केलं, त्याने मात्र माझा संयम सुटला.

मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. दिवस भरत होते ऐन वैशाखात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारची वीज जाते ती कधीकधी दिवेलागणीलाच येते. वरच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली होती, पण पंख्याशिवाय ती खोली म्हणजे भट्टी. म्हणून मी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःच्या डोक्याने एक यंत्र घरात आणत होतो. गच्चीवर चार पॅनल, जिन्याखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर, मधे वायर. बसवणारा पोरगेलासा इंजिनियर अतिशय आदबशीर होता. "सर, चार एमएम वायर. सगळीकडे हीच टाकतो," असं म्हणाला. मला 'सगळीकडे' हा शब्द फार आवडला. मी स्वतः टेप धरून गच्चीपासून जिन्यापर्यंतचं अंतर मोजलं, चाळीस फूट भरलं, आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीने व्याही हजर. न कळवता. खांद्यावर लोकरीची एक जुनी दोरी, हातहातावर गाठी मारलेली. त्यांच्या वडिलांची, मेंढरांच्या तळावरची. म्हणाले, "सोलर बसावलं म्हनं. बगून जातो." आधी इन्व्हर्टरला पालथा हात, मग बॅटरीला, मग वायरीला, आणि मग हा सत्तरीतला माणूस गच्चीच्या कठड्यावर ओणवा होऊन दोरी खाली सोडू लागला. मी खालून ओरडलो, "अहो, मोजलंय मी! चाळीस फूट!" ते वरून म्हणाले, "टेप सरळ जाती, पाव्हणं. तार सरळ जाती का?" आणि खरंच, वायर कठड्यावरून वळली होती, सज्ज्याला वळसा घालून खिडकीच्या कडेने उतरली होती, जिन्याच्या भिंतीवर दोनदा वाकली होती. दोरी त्या प्रत्येक वळणाशी वळत गेली. गाठी मोजून, हातांचे फूट करून ते म्हणाले, "बासष्ट." मी म्हटलं, "बरं, बासष्ट." ते म्हणाले, "बासष्ट न्हवं. याकशे चोवीस." मला वाटलं, उन्हाने चक्कर आली यांना. तेव्हा त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसवलं, आणि वर्गातल्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं सांगितलं, "आवं, करंट नुसता जात न्हाई. माघारी बी येतो. जायाची वाट मोजलीसा, यायाची कुनी मोजायची? समदी हितंच चुकत्यात." त्यांचं म्हणणं असं, की कमी व्होल्टचा करंट एवढ्या लांबून बारीक तारेतून आणला, की निम्मा जीव वाटेतच जातो; बॅटरी पोटभर जेवत नाही. "याक तर अंतर कमी करा, बॅटरी वर पुस्तकांच्या खोलीत न्या. न्हाई तर तार जाड करा. सोळा."

माझ्या पुस्तकांच्या खोलीत बॅटरी! मी उभा राहिलो. पहिल्यांदाच व्याह्यांशी चढ्या आवाजात बोललो. म्हणालो, "हे माझं घर आहे, बाळंतपण माझ्या मुलीचं आहे, आणि इंजिनियर शिकलेला आहे." त्यांनी दोरी गुंडाळली, खांद्यावर टाकली, जेवायलाही थांबले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात चांगला दिवस बघून आम्ही नवराबायको मुलीला आणायला साताऱ्याला गेलो. विहीणबाईंनी तिची बॅग भरून दारात आणून ठेवली होती, ओटी भरायचं ताट तयार होतं, शेजारणी जमल्या होत्या. मुलगी आतून सावकाश चालत आली, आणि तिला बघून माझा सगळा राग विरून गेला. आठ महिन्यांत ती किती वेगळी दिसू लागली होती. एवढ्यात खुर्चीतून व्याह्यांनी विचारलं, "तार बदलली?" मला आता भांडण नको होतं. मी म्हणालो, "हो, बदलली." "सोळा टाकली?" "सोळा." "मग तुकडा दाखवा."

तुकडा! वायर टाकली की शेवटी हातभर तुकडा उरतो, तो घरमालकाकडे असतोच, हे या माणसाला ठाऊक. माझ्याकडे पेढे होते, साडी होती, नारळ होता. तुकडा नव्हता. शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या कपाळावर घाम आला, आणि मला क्षणभर भीती वाटली की आता हे माझ्या कपाळालाही पालथा हात लावतात की काय. ते फक्त एवढंच म्हणाले, "तार बदलल्याबिगर पोरगीला धाडत न्हाई, पाव्हणं. राग मानू नगा." विहीणबाई म्हणाल्या, "आवं, आसं कुटं आस्तंय व्हय? ओटीचं ताट भरलंया!" ते म्हणाले, "ताट ऱ्हाऊ द्या भरल्यालं." मी माझ्या मुलीकडे पाहिलं. तिने तरी बापाची बाजू घ्यावी! सासऱ्यांना ती मामा म्हणते. ती म्हणाली, "पप्पा, मामांचं ऐका ना. एवढं काय आहे त्यात?"

सातारा ते सांगली या एसटीच्या प्रवासात मधे रिकामी जागा ठेवून आम्ही बसलो होतो, त्या जागेवर पेढ्यांची पिशवी होती. बायको खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मुलीला आणायला गेलेला बाप वायरीपायी रिकाम्या हाताने परत आला, हे मी गल्लीत कुणाला सांगणार होतो? त्या दिवशी मी व्याह्यांना मनातल्या मनात जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ग्रंथपाल असल्यामुळे माझा शब्दसंग्रह बऱ्यापैकी आहे.

दोन दिवसांत वायर बदलली. इंजिनियर म्हणाला, "सर, एवढी जाड कशाला?" मी त्याच्या अंगावर असा काही ओरडलो की तो बिचारा शिडीवर चढून कामाला लागला. बोटाएवढी जाड ती वायर, वाकता वाकेना. आणि आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी व्याह्यांना आजतागायत सांगितलेली नाही. आधी इन्व्हर्टर रोज संध्याकाळी कुईकुई करायचा, बॅटरी भरली नाही म्हणून. मी त्याला ढगांचं कारण देत होतो, भर उन्हाळ्यात. नवी वायर पडली, आणि ती कुईकुई थांबली ती थांबलीच. मी जिन्याखाली जाऊन दोनदा कान देऊन आलो. काही आवाज नाही. मला अतिशय राग आला.

पुढचा चांगला दिवस बघून पुन्हा सातारा. या वेळी पेढ्यांच्या पिशवीत सर्वांत वर हातभर लांबीचा काळा तुकडा. मी तो विड्याच्या पानासारखा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खिशातला चाकू काढून टोक सोललं, तांब्याच्या तारा उलगडल्या, नखाने एकेक सुटी करून मोजल्या, कमरेच्या कडीतल्या तुकड्याशी जोडून पाहिल्या. सगळं घर श्वास रोखून उभं. शेवटी म्हणाले, "सोळा हाय." आणि टोपी काढून हातात घेतली. "न्या आता. सांबाळून न्या." तो तुकडा त्यांनी ठेवून घेतला.

मुलगी घरी आली, वरच्या खोलीत पंखा फिरू लागला, आणि मी रोज जेवताना व्याह्यांच्या नावाने शंख करू लागलो. माणसाने हेका धरावा तरी किती, गरोदर पोरीला आठ दिवस अडकवून ठेवलं, वगैरे. तीन-चार दिवस मुलीने ऐकून घेतलं. मग एके दुपारी भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, "पप्पा, तुम्हाला माहीत नाही. मला आत्यांनी सांगितलं." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांचं पहिलं बाळंतपणही माहेरीच होतं, आटपाडीकडच्या एका वस्तीवर. तेव्हा त्या वस्तीवर दिवा नव्हता. व्याही नुकते वायरमनचं काम शिकलेले. बायकोच्या बाळंतपणाला उजेड हवा म्हणून ते हौसेने सासुरवाडीला गेले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपासून घरापर्यंत स्वतः तार ओढली. हाताशी होती ती तार, बारीक. आणि अंतर मोजलं ते नुसतं जायचं. मोटार सुरू झाली की बल्ब निखाऱ्याएवढा उरायचा. त्या उजेडात मुलगी झाली. अशक्तच होती, त्यात दिव्याचा काही दोष नव्हता, सुईणही तसंच म्हणाली. उजाडायच्या आत गेली. वडीलधाऱ्यांनी लगोलग गुंडाळून नेली. "आत्या म्हणतात, मामांनी तिला मांडीवर घेतलं होतं घटकाभर," मुलगी म्हणाली, "पण तोंड कसं होतं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. दिसलंच नाही नीट."

माझं जेवण तसंच राहिलं. मला माझी स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेतही त्या माणसाचा थोडा राग आला, की हे त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर का नाही सांगितलं. एकशे चोवीस सांगितलं, सोळा सांगितलं, हे तेवढं सांगितलं नाही.

आम्हाला नात झाली. बारशाला व्याही पहिल्या एसटीने आले. बायका पाळण्याला फुलं बांधत होत्या. हे कुणाशी न बोलता गच्चीवर गेले, खाली उतरले, जिन्याखाली वाकून त्या जाड वायरीला पालथा हात लावला. "ताप न्हाई," म्हणाले. मग वर आले आणि मुलीच्या खोलीच्या दारातच थांबले. आत येईनात. माझ्या बायकोने बाळ आणून त्यांच्या हातांत दिलं. सकाळचे दहा वाजलेले, दोन्ही खिडक्यांतून ऊन सरळ पलंगावर आलेलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, लाइट लावा."

भर दिवसा दिवा लागलेला दिसला की मी घर डोक्यावर घेतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी उठलो आणि त्या खोलीतलं एकेक बटण दाबलं. ट्यूब, बल्ब, टेबलावरचा दिवा. मग बाहेर जाऊन जिन्यातला लावला, व्हरांड्यातला लावला. परत आलो तेव्हा ते बाळाला खिडकीशी घेऊन बसले होते. टोपी मांडीखाली गेली होती, त्याचं भान नव्हतं. बायका पाळण्याशी थांबून राहिल्या. कुणी घाई केली नाही. बाळाच्या तोंडावरून त्यांची नजर सावकाश फिरत होती, जिथे तार वळेल तिथे दोरी वळावी तशी. कपाळावर पालथा हात ठेवून त्यांनी तो तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "नाक तुमच्यावानी हाय, पाव्हणं." मग म्हणाले, "आन् डाव्या कानामागं तीळ हाय, बारीकसा."

बारा दिवस आम्ही त्या पोरीला न्हाऊमाखू घालत होतो, दृष्ट काढत होतो, कुणावर गेली यावरून भांडत होतो. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. होता तीळ. संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना सोडून आलो, तेव्हा घरात सगळे दिवे तसेच लागलेले होते, आणि ते बंद करायला मी कुणाला सांगितलं नाही.